गाडी लो करताय? बंप स्टॉप कापायचा की नाही, आधी हे वाचा



दिवाळीत यवतमाळला घरी गेलो की माझी दोन कामं ठरलेली असतात. एक, काकांच्या फोनमधली भरलेली मेमरी रिकामी करून देणं. दुसरं, मावसभावाच्या गाडीबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देणं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांसारखं मीही इंजिनिअरिंग केलं मेकॅनिकलमध्ये आणि नोकरी लागली कोडिंगची. त्यामुळे घरच्यांच्या मते मला दोन्ही विषयांतलं सगळं कळतं.

मागच्या वेळी मी पोचायच्या आधीच त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला होता. घरच्या जुन्या हॅचबॅकसाठी त्याने ऑनलाइन ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मागवल्या होत्या. स्प्रिंगा घेऊन तो गॅरेजला गेला, तर तिथे त्याला सांगितलं, "वरचं रबर अर्धं कापून टाकू, मंग आपटणार नाई." तेवढी एक गोष्ट त्याला खटकली आणि त्याने मला विचारलं, "दादा, बंप स्टॉप कापू की नको?"

प्रश्न छोटा आहे. पण ही गाडी त्या घरातली एकुलती एक गाडी आहे. याच गाडीतून आजीला दर महिन्याला तपासणीसाठी सावंगीला न्यावं लागतं. म्हणून "काप" किंवा "नको कापू" असं एका शब्दात उत्तर द्यायचं मी टाळलं. आम्ही दोघांनी आधी मोजमाप केलं. ते कसं केलं आणि त्यातून काय निघालं, हे आजच्या लेखात बघू.

## बंप स्टॉप म्हणजे काय?

चाक खड्ड्यातून किंवा ब्रेकरवरून गेलं की वर उचललं जातं. स्प्रिंग दबते, शॉकअप आत जातो. चाकाला असं वर जायला ठरावीक जागा असते, तिला सस्पेन्शन ट्रॅव्हल म्हणतात. ही जागा संपत आली की शेवटी लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये एक रबरी किंवा फोमचा तुकडा बसवलेला असतो. तोच बंप स्टॉप. आपल्याकडे मेकॅनिक त्याला नुसतं "शॉकअपचं रबर" म्हणतात.

तुमच्या मोबाइलच्या कव्हरचे कोपरे बघा. तिथे थोडं जाड, मऊ मटेरिअल असतं. फोन हातात असतो तेव्हा त्याचा काही उपयोग दिसत नाही. फोन फरशीवर पडतो त्या एका क्षणात मात्र सगळा मार तोच कोपरा खातो. बंप स्टॉपचं काम तसंच आहे, फक्त इथे पडणारी वस्तू हजार किलोची असते.

स्विफ्ट, आय२० यांसारख्या हॅचबॅकमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात शॉकअपच्या चकचकीत रॉडवर, डस्ट कव्हरच्या आत, हा स्टॉप ओवलेला असतो. मागच्या बाजूला तो शॉकअपवर किंवा स्प्रिंगच्या मधोमध असू शकतो. बोलेरोसारख्या पाट्यांच्या गाडीत मागे तो अ‍ॅक्सलच्या वर, चेसिसच्या बाजूला दिसतो.

पूर्वी हे साधं रबर असायचं. आता बहुतेक गाड्यांत बारीक हवेचे कप्पे असलेला पॉलियुरेथेन फोम असतो. बीएएसएफ कंपनीचा सेलास्टो हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. साधं रबर दाबलं की बाजूला फुगतं आणि लवकर कडक होतं. या फोममधली हवा दबत जाते, त्यामुळे तो आपल्या लांबीच्या निम्म्याहून जास्त दबू शकतो आणि हळूहळू कडक होत जातो. त्याचं टोक निमुळतं आणि अंगावर खाचा असतात त्या याचसाठी. आधी मऊ टोक दबतं, मग जाड भाग.

म्हणजे बंप स्टॉप ही सस्पेन्शनमधली दुसरी स्प्रिंग आहे. पहिली स्प्रिंग एकटी पुरत नाही तेव्हा ती कामाला लागते. कार कंपन्या या भागाकडे किती गांभीर्याने बघतात याचं एक उदाहरण म्हणजे २०२१ मध्ये भारतात आलेली सिट्रोएन सी५ एअरक्रॉस. तिच्या शॉकअपमध्ये शेवटच्या टप्प्यासाठी चक्क तेलावर चालणारे वेगळे स्टॉप दिले होते.

## तो नक्की काय काय वाचवतो?

- शॉकअप: स्टॉप नसेल तर आतला पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आपटू शकतो. असं होत राहिलं तर शॉकअप गळायला लागतो.
- टायर आणि बॉडी: चाक किती वर जाऊ शकतं याची शेवटची मर्यादा बहुतेक वेळा स्टॉपच ठरवतो. ती ओलांडली की टायर आतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासतो, वळणावर जास्तच.
- स्प्रिंग: स्प्रिंगचे सगळे वेढे एकमेकांना टेकले की ती स्प्रिंग राहत नाही, नुसता लोखंडी नळा होतो.
- माणसं: शेवटचा धक्का किती झटक्यात बसतो, हे स्टॉपवर अवलंबून आहे. तरुण माणसाला तो "खट्" असा आवाज वाटतो. मागच्या सीटवर बसलेल्या आजीच्या कमरेला तो वेगळाच वाटतो.

## गाडी लो केली की काय बदलतं?

इथे थोडं गणित करू. घाबरू नका, दहावीचं आहे. खालचे आकडे एका काल्पनिक हॅचबॅकचे, एका चाकापुरते आहेत. तुमच्या गाडीचे वेगळे असतील, पण हिशोबाची पद्धत तीच राहील.

समजा, मूळ गाडीत चाकाला वर जायला एकूण ८० मिलिमीटर जागा आहे. त्यातले पहिले ४५ मिलिमीटर मोकळे. मग स्टॉप टेकतो आणि तो जास्तीत जास्त ३५ मिलिमीटर दबतो. स्टॉपची मूळ लांबी ५५ मिलिमीटर. स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन.

आता ३० मिलिमीटर लो करणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या. स्टॉप, शॉकअप, बॉडी सगळं आहे तिथेच आहे, पण गाडी ३० मिलिमीटर खाली आली. म्हणजे एकूण जागा ८० ची ५० झाली. आणि मोकळी जागा? ४५ ची फक्त १५.

"पण नवीन स्प्रिंग कडक आहे ना, मग ती एवढी दबणारच नाही," असं कुणीही म्हणेल. चला, नवीन स्प्रिंग २५ टक्के कडक धरू, म्हणजे मिलिमीटरला २५ न्यूटन. स्प्रिंग किती ऊर्जा झेलते, याचं सूत्र आहे: अर्धा × कडकपणा × अंतराचा वर्ग. गाडी उभी असते त्या पातळीपासून मोजू.

- मूळ गाडी: २० न्यूटन, ८० मिलिमीटर. उत्तर ६४ जूल.
- लो गाडी: २५ न्यूटन, ५० मिलिमीटर. उत्तर साधारण ३१ जूल.

स्प्रिंग कडक करूनही झेलायची ताकद निम्म्यावर आली. कारण सूत्रात अंतराचा वर्ग आहे. ५० मिलिमीटरमध्ये पुन्हा ६४ जूल झेलायचे असतील, तर स्प्रिंग अडीचपटीहून जास्त कडक लागेल. अशी गाडी रोज चालवणं म्हणजे बिनस्प्रिंगच्या बैलगाडीत बसणं. म्हणून लो गाडीत उरलेला भार शॉकअप आणि बंप स्टॉपवर पडतो. ज्या भागाचं काम आता वाढलंय, तोच भाग आपण कापायला निघालोय.

## मग लोक कापतात तरी का?

कारण कापल्यावर गाडी खरंच बरी वाटते, निदान पहिले काही दिवस. हे मान्य करायला हवं.

आपल्या उदाहरणात चार माणसं आणि बॅगा मिळून २८० किलो वजन चढवलं असं धरू. प्रत्येक चाकावर ७० किलो, म्हणजे जवळपास ६९० न्यूटन. मूळ गाडी त्याने ३४ मिलिमीटर खाली बसेल. मोकळे ४५ होते, त्यातले ११ उरले. ठीक आहे.

लो गाडी त्याच वजनाने साधारण २७ मिलिमीटर खाली बसायला बघेल. पण तिच्याकडे मोकळे १५ च आहेत. म्हणजे गाडी अंगणात उभी असतानाच स्टॉपवर टेकलेली. आता रस्त्यावरच्या छोट्या छोट्या खळग्यांचाही धक्का थेट आत येणार. लोकांना वाटतं शॉकअप गेला. मेकॅनिक बघतो तर रबर टेकलेलं. तो म्हणतो, कापून टाकू.

समजा त्याने २० मिलिमीटर कापला. मोकळी जागा १५ ची ३५ झाली. वजन चढवल्यावरही ८ उरतात. गाडी पुन्हा मऊ वाटते. मालक खूश, मेकॅनिकही खूश.

पण स्टॉप आता ५५ ऐवजी ३५ मिलिमीटरचा राहिला. त्याचे तीन परिणाम होतात.

एक, तो कडक झाला. स्प्रिंग असो वा रबर, लांबी कमी केली की दर मिलिमीटरचा कडकपणा वाढतो. इथे तो दीडपटीहून थोडा जास्त झाला.

दोन, त्याची झेलायची ताकद कमी झाली. मटेरिअलच एक तृतीयांशाहून जास्त फेकून दिलंय, मग ऊर्जाही तेवढी कमीच झेलणार.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मूळ स्टॉप पूर्ण दबल्यावर २० मिलिमीटर उरायचा. कापलेला स्टॉप त्याच प्रमाणात दबला, तर १३ मिलिमीटर उरेल. म्हणजे चाक आता कंपनीने ठरवलेल्या शेवटच्या मर्यादेच्याही ७ मिलिमीटर वर जाणार. २० मिलिमीटर कापून एकूण ट्रॅव्हल २० ने वाढला नाही, फक्त ७ ने वाढला. आणि तो ७ मिलिमीटर अशा जागेतला आहे जिथे चाक कधी येईल असं गृहीतच धरलेलं नव्हतं. तिथे लायनर असेल, फेंडरची कड असेल किंवा शॉकअपचा तळ असेल.

रोजच्या प्रवासात हे कळत नाही. पूर्ण भरलेली गाडी, रात्रीची वेळ, न दिसलेला ब्रेकर, असा योग जुळला की एकदाच कळतं.

## वळणावर काय होतं?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूची स्प्रिंग दबते. मोकळी जागा कमी असेल तर वळणाच्या मध्येच बाहेरच्या चाकाचा स्टॉप टेकतो. त्या कोपऱ्याचा कडकपणा अचानक वाढतो आणि टायरवर एकदम जास्त भार येतो. हे पुढच्या चाकाला झालं तर स्टिअरिंग वळवूनही गाडी बाहेरच्या बाजूला जायला लागते. मागच्या चाकाला झालं तर मागचा भाग घसरू शकतो. पावसात, पुसदकडच्या घाटात असं झालं तर काय, याचा विचार तुम्हीच करा.

शिवाय मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांत लो केल्यावर खालच्या आर्मचा कोन बदलतो. व्हील अलाइनमेंट बिघडतं, टायर आतून झिजायला लागतात. हेडलाइटही पुन्हा सेट करावे लागतात. स्प्रिंगा विकणाऱ्याच्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

## आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न वेगळा का आहे?

लो गाड्यांचे बहुतेक व्हिडिओ गुळगुळीत रस्त्यांवर काढलेले असतात. आपला जिल्हा काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आक्रसते. वरचं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं. म्हणून खड्डा नसलेल्या रस्त्यावरही लांब लाटा तयार होतात. वेगात अशा लाटेवरून गेलं की गाडी उचलली जाते आणि मग पूर्ण दबते. खड्ड्यापेक्षा अशी लाट सस्पेन्शनचा जास्त ट्रॅव्हल खाऊ शकते. वणी भागात कोळशाच्या ट्रकांनी डांबर दबून चाकोऱ्या पडतात, त्या वेगळ्याच.

मग ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने आरामात ओलांडता येतो. आता आपल्या गावाजवळचा ब्रेकर आठवा. उंची तेवढीच किंवा जास्त, पण रुंदी एका पावलाची. चाक एवढ्या कमी अंतरात एवढं वर जाणार, म्हणजे धक्का किती जोरात बसणार ते बघा.

तुमची गाडी यवतमाळ ते नागपूर हायवेवरच चालते की आठवड्यातून एकदा शेताच्या पांदण रस्त्यानेही जाते, यावर या प्रश्नाचं अर्धं उत्तर अवलंबून आहे. पांदणीत बंप स्टॉपच्या आधी चेंबर घासेल.

## फोन आणि एक झिप टाय: घरीच कसं मोजायचं?

आता कामाचं. आम्ही दिवाळीत हेच केलं.

१. मोकळी जागा मोजा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या चाकामागचा शॉकअप दिसेल. डस्ट कव्हर हलक्या हाताने वर सरकवा. शॉकअपच्या बॉडीचं वरचं तोंड ते स्टॉपचं खालचं टोक हे अंतर मोजा. ही तुमची मोकळी जागा. मग नेहमी बसतात तेवढी माणसं बसवून पुन्हा मोजा. गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली कुणीही शिरायचं नाही, याची गरजच नाही.

२. झिप टाय बांधा. रॉडवर एक छोटा प्लास्टिकचा झिप टाय घट्ट बांधा आणि तो बॉडीच्या तोंडाला टेकवून ठेवा. रॉडला पक्कड किंवा स्क्रूड्रायव्हर लावू नका. त्यावर ओरखडा पडला तर सील खराब होतं. आता नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेगाने चक्कर मारा. शॉकअप जेवढा आत जाईल तेवढा टाय वर ढकलला जाईल आणि तिथेच थांबेल. परत आल्यावर बॉडीपासून टायपर्यंतचं अंतर मोजा. शॉकअप जास्तीत जास्त किती आत गेला, ते कळेल. पुढच्या स्ट्रटमध्ये हे अंतर चाकाच्या हालचालीच्या जवळपास असतं. मागच्या शॉकअपला ते कमी-जास्त असू शकतं, कारण तो तिरका किंवा चाकापासून दूर बसवलेला असतो.

३. फोनवर धक्का रेकॉर्ड करा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं फिफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. ते फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर वापरून ग्राफ काढतं. फोन सीटवर नको, सीटचा फोम धक्का खाऊन टाकतो. पुढच्या सीटखालच्या सपाट जागेत डबल टेपने घट्ट चिकटवा. रेकॉर्डिंग सुरू करून एकाच ब्रेकरवरून आधी ताशी १०, मग १५, मग २० किलोमीटरने जा. नुसती स्प्रिंग काम करत असेल तर ग्राफमध्ये गोलसर लाट दिसते. स्टॉप जोरात लागला की त्या लाटेवर उंच, टोकदार काटा उठतो. कोणत्या वेगाला काटा उठतो, ते लिहून ठेवा. गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही, ते काम शेजारच्याचं.

४. स्लो मोशन व्हिडिओ. मित्राला बाजूला सुरक्षित अंतरावर उभं करून चाक आणि फेंडरमधली जागा शूट करायला सांगा. चाक किती आत जातं, ते फ्रेम थांबवून बघता येतं.

आमच्या मावसभावाच्या गाडीत काय निघालं? चौघं बसल्यावर कंपनीच्या मूळ स्प्रिंगांवरसुद्धा मोकळी जागा एका बोटापेक्षा कमी होती. सोसायटीजवळच्या ब्रेकरवर ताशी १५ लाच काटा उठत होता. आणि डस्ट कव्हर वर केलं तेव्हा खरं कारण सापडलं. डाव्या बाजूच्या स्टॉपचे तुकडे पडून आत चुरा झाला होता. जुन्या गाड्यांत हा फोम असाच भुगा होऊन पडतो आणि कुणाला पत्ताही नसतो. कापायच्या आधीच अर्ध्या गाडीचा स्टॉप गेलेला होता.

## कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतली माहिती कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत कडक भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए नुसार, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

"आरसीवर ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेलाच नसतो, कोण बघतंय?" असं सांगणारे भेटतील. पण अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो तेव्हा हा युक्तिवाद कामाला येईलच असं नाही. त्यामुळे काहीही बदलायच्या आधी आपल्या एमएच-२९ च्या आरटीओ कार्यालयात आणि इन्शुरन्स कंपनीकडे लेखी विचारा.

## तर मग, कापायचा की नाही?

हे ढोबळ नियम लक्षात ठेवा.

- कंपनीच्या उंचीवरची गाडी: स्टॉपला अजिबात हात लावायचा नाही. जुना झाला असेल तर बदलायचा.
- १५ मिलिमीटरपर्यंत लो: बहुतेक गाड्यांत मूळ स्टॉप तसाच ठेवलेला चांगला. मोजमाप मात्र करा.
- २० ते ३० मिलिमीटर: स्प्रिंगच्या बॉक्समधला कागद वाचा. चांगल्या कंपन्या तुमच्या मॉडेलसाठी स्टॉप कापायचा का, किती आणि कोणत्या बाजूने, हे लिहून देतात. लिहिलं असेल तर तेवढाच, खाचेवर, सरळ कापायचा. निमुळतं टोक उडवलं की पहिला स्पर्शच कडक होतो. काही लिहिलं नसेल तर कापायचा नाही. कागदच नसेल तर स्प्रिंगाच टाकायच्या नाहीत.
- त्याहून जास्त: मूळ शॉकअप ठेवून हे जमणारं काम नाही. छोट्या बॉडीचा शॉकअप आणि त्यासाठीच बनवलेला छोटा स्टॉप असा पूर्ण सेट लागतो. छोटा स्टॉप आणि कापलेला स्टॉप यांत फरक आहे. छोट्या स्टॉपची घनता आणि आकार कमी जागेत जास्त ऊर्जा झेलता येईल असा ठेवलेला असतो.
- घरातली एकच गाडी, मागे माणसं, खाली पांदण रस्ता: लो करू नका. प्रश्न तिथेच संपतो.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्प्रिंगाच एक वेढा कापून छोट्या केल्या तर?
नको. सहा वेढ्यांची पाच केली की स्प्रिंग २० टक्के कडक होते, पण ट्रॅव्हल त्याहून जास्त कमी होतो. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग तर त्याहून वाईट. उष्णतेने पोलादाचा ताठपणाच जातो.

स्टॉप पूर्ण काढून टाकला तर काय होईल?
शॉकअपचा तळ, टायर किंवा स्प्रिंग, यातलं जे आधी टेकेल ते स्टॉपचं काम करेल. आणि ते काम त्यांच्यासाठी नाही.

स्प्रिंगच्या वेढ्यात बसवायचे रबरी बफर मिळतात, ते टाकू का?
ते वजनाने गाडी बसू नये म्हणून असतात. लो गाडीत आधीच वेढ्यांमधली जागा कमी असते. त्यात बफर टाकला की ती जागा आणखी लवकर संपते.

इलेक्ट्रिक कार लो केली तर?
तिथे आणखी एक धोका वाढतो. बॅटरी पॅक फरशीखाली असतो. पेट्रोल गाडीत चेंबर घासेल, इथे बॅटरीचं कव्हर.

नवीन शॉकअप टाकताना जुनाच स्टॉप चालेल का?
शक्यतो नाही. काम एकदाच उघडतं, त्याच वेळी स्टॉप आणि डस्ट कव्हर नवीन टाकून घ्या. शॉकअपच्या मानाने त्यांची किंमत किरकोळ असते. आणि बिलात "रबर" एवढंच न लिहिता कोणत्या मॉडेलचा स्टॉप टाकला ते लिहून घ्या.

## शेवटी

तर मित्रांनो, "कापू की नको" हा प्रश्न खरं तर तिसरा आहे. पहिला प्रश्न, माझ्या गाडीत मोकळी जागा किती आहे? दुसरा, भरलेल्या गाडीने माझ्या रस्त्यावर त्यातली किती वापरली जाते? या दोघांची उत्तरं हातात आली की तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

मावसभावाने शेवटी पुढचे दोन्ही शॉकअप, नवीन स्टॉप आणि डस्ट कव्हर टाकले. मग त्याच ब्रेकरवरून पुन्हा फिफॉक्स लावून गेलो. ताशी १५ ला ग्राफ गोलसर आला, काटा नाही. ३० मिलिमीटरच्या स्प्रिंगा बॉक्ससकट कपाटावर पडल्या आहेत. स्वतःच्या पगारातून दुसरी गाडी घेईन तेव्हा बघू, असं तो म्हणतो. पुढच्या महिन्यात सावंगीहून परत येताना आजी कळंबपर्यंत झोपली होती, असा त्याचा मेसेज आला. सोबत ग्राफचा स्क्रीनशॉटही होता.

तुमच्या गाडीची मोकळी जागा किती निघाली आणि कोणत्या ब्रेकरवर काटा उठला, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि गाडी लो करायच्या तयारीत असलेल्या त्या एका मित्राला हा लेख आजच पाठवा, त्याने कटर हातात घ्यायच्या आधी.